लॉक रिंगच्या टायरला हवा भरायला पिंजरा हवाय, कोल्हापुरात कुणी केलाय का?

मंडळी, मदत हवी आहे. हवा भरताना रिंग उडाली किंवा टायर फुटला तर अडवायला टायर ज्यात ठेवतात, तो लोखंडी पिंजरा हवाय. आमचे दोन ट्रक ऊस वाहतुकीला असतात. हंगामात रात्री-अपरात्री पंक्चर निघालं की कारखान्यावरचा नंबर चुकतो, म्हणून शिरोलीच्या शेडवर स्वतःचाच कॉम्प्रेसर बसवलाय. टायर १०.००-२०, डिस्क (चाकाची लोखंडी रिम) जुन्या, लॉक रिंगवाल्या, म्हणजे टायर जागेवर धरायला कडेला वेगळी लोखंडी रिंग बसते तसल्या.

कामाचा पोरगा हुशार आहे, पण टायर आडवा टाकून नोझल हातानं धरतो आणि रिंग बसली का ते वरून वाकून बघतो. एका बाजूनं उचललेली दिसली की हवा चालू असतानाच हातोडी घालतो. मे २०२२ मध्ये रायपूरजवळ सिलतऱ्याला जेसीबीच्या टायरमध्ये हवा भरताना दोघं जागीच गेले, तो व्हिडिओ त्याला दाखवला. "मालक, ते जेसीबीचं हुतं," म्हणाला. आता काय बोलायचं!

उद्यमनगरात पिंजरा करून घ्यावा म्हणतोय. पाइप किती जाडीचा घ्यायचा? एक ड्रायव्हर सांगतो साखळी गुंडाळली तरी भागतं, दुसरा म्हणतो रिंगची बाजू खाली करायची. खरं काय?

कागलकर_टायर: दोन्ही चूक. २० इंची डिस्कच्या तोंडावर १०० पौंड (दर चौरस इंचाला) हवा म्हणजे हिशेबानं साधारण १४ टन रेटा होतो. म्हशीची साखळी काय धरणार त्याला? आणि रिंग खाली केली तर रिंग जमिनीत अडते आणि अख्खं चाक वर उडतं. वाकलेल्या माणसाचं तोंड तिथंच असतं.

हातोडी आधी काढून घ्या. रिंग तिरकी दिसली की व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, रिंग आणि तिची खाच तारेच्या ब्रशनं घासायची, मग परत बसवायची. नोझलला चिमटा लावा, हवेचा लांब पाइप घ्या, कॉक आणि मीटर पाइपच्या मधे ठेवा, म्हणजे माणूस लांब राहतो. उभं राहायचं ते नक्षीच्या (रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या) बाजूला, साइडवॉलसमोर (टायरच्या सपाट बाजूसमोर) नाही. गाडीवरचं चाक खोलतानाही नट ढिले करायच्या आधी हवा सोडा. जोडचाक असेल तर दोन्हींची.

गोशिमा_फॅब्रिकेटर: पिंजरे आम्हीही करून देऊ शकतो, पण हे काम मी घेत नाही. टायरच्या कमाल दाबाच्या दीडपट दाबानं स्फोट झाला तरी पिंजरा टिकला पाहिजे, असा अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेचा नियम आहे. ते पाइपच्या जाडीवरून अंदाजानं ठरत नाही, वेल्ड उघडला की संपलं. टायर मशिनरी विकणाऱ्यांकडून तयार पिंजराच घ्या. तो भिंतीला टेकवू नका, हवा भरताना त्याला हात लावून उभं राहू नका. कुठं तडा दिसला तर वापर बंद.

आणखी एक. टायर बसवलेल्या डिस्कवर वेल्डिंग कधीच करू देऊ नका, हवा सोडलेली असली तरी. आतलं रबर तापून गॅस तयार होतो आणि टायर फुटतो. आमच्याकडे असल्या डिस्क घेऊन लोक येतात, आम्ही परत पाठवतो.

प्रश्नकर्ता: लई उपकार. एका ट्रकला आता ट्यूबलेस रेडियल (आत ट्यूब नसलेले, तारांचे टायर) घालतोय. त्याला रिंगच नाही, मग पिंजरा लागेल का?

कागलकर_टायर: लागतो. रेडियल कमी हवेत पळवला की साइडवॉलमधल्या तारा थकतात, आणि पुन्हा हवा भरताना चेन उघडावी तसा टरकन फाटतो. १०० पौंडाचा टायर ८० किंवा त्याखाली पळालेला असेल तर थेट हवा मारायची नाही. खोलून आत-बाहेर बघायचं. भरताना कडकड आवाज आला किंवा फुगवटा दिसला तर जवळ जायचं नाही, लांबूनच हवा सोडायची.

प्रश्नकर्ता: आज सगळ्या डिस्क बघितल्या. दोन रिंगा दुसऱ्याच मापाच्या निघाल्या, ठोकून बसवलेल्या. भंगारात टाकल्या. कुणाकडे जुना पिंजरा विकायला असेल तर कळवा.

गोशिमा_फॅब्रिकेटर: जुना घेऊ नका हो. आत काय फुटलंय ते विकणारा सांगणार आहे का?