हॅश जुळला, एवढ्यावर थांबू नका

डिजिटल पुराव्याबद्दल काहींचं म्हणणं असतं की जप्तीच्या वेळचा हॅश (डेटावरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा कोड) जुळला की पुरावा अस्सल, आणि संगणकावर वाइपिंग सॉफ्टवेअर (डेटा कायमचा पुसणारं) सापडलं की माणूस दोषी. मला दोन्ही पटत नाही.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात आता हॅश द्यावा लागतो, हे चांगलंच झालं. पण हॅश सांगतो ते इतकंच, की तो काढल्यानंतर डेटात काही बदललेलं नाही. त्याआधीच कुणी फाईल आत सरकवली असेल तर तीही हॅशमध्ये बिनबोभाट खपून जाते. एल्गार परिषद प्रकरणात आर्सेनल या डिजिटल पुरावे तपासणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या 2021 च्या अहवालाचा दावा नेमका हाच आहे: नेटवायर हे दुरून संगणकाचा ताबा घेणारं मालवेअर वापरून आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपवर लपवलेल्या फोल्डरमध्ये पत्रं टाकली गेली. एनआयएने तो फेटाळला आहे.

माग पुसणाराही बऱ्याचदा माग ठेवून जातो. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाईली मांडण्याच्या पद्धतीत) फाईलच्या वेळा दोन ठिकाणी नोंदलेल्या असतात. तारीख मागे नेणारी टूल्स सहसा पहिल्याच नोंदीला हात लावतात. मग एकीकडे 2015, दुसरीकडे 2018 अशी विसंगती उघडी पडते.

उलट एसएसडीवर (चिपवर डेटा साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कवर) ट्रिम, म्हणजे डिलीट केलेल्या फाईलची जागा आपोआप मोकळी करणारी सोय, चालू असेल तर साधी डिलीट केलेली फाईलही थोड्या वेळात कायमची जाते. त्यात मालकाचा काही डाव नसतो. जुना लॅपटॉप विकण्याआधी डिस्क नीट पुसा, असं तर मी सगळ्यांनाच सांगतो. म्हणून 'पुरावा नष्ट केला' म्हणणाऱ्या तज्ज्ञाला उलटतपासणीत आधी हे विचारावं: डिस्क कुठल्या प्रकारची होती, आणि ट्रिम चालू होतं का?