चेक दिला म्हणजे भाडं पोचलं असं नाही

तुम्ही लिहिलंय की १ तारखेला चेक देऊनही घरमालक तो पंधरा-वीस दिवस बँकेत टाकत नाहीत आणि वर उशिराचा दंड मागतात. आम्हीही यातून गेलोय, म्हणून सांगावंसं वाटलं.

आधी करार काढून नीट वाचा. भाडं त्या तारखेला 'द्यायचं' आहे की 'खात्यात जमा' व्हायला हवं, या एका शब्दावर दंडाचा वाद फिरतो. चेक देताना त्याचा फोटो काढा, नंबर आणि तारीख मेसेज करा आणि 'मिळाला' एवढं तरी लेखी घ्या. तोंडी बोलण्याचा नंतर काही उपयोग होत नाही, हे मी अनुभवानं सांगतेय.

चेक पडून राहिला की पैसे खात्यात शिल्लक दिसतात आणि नकळत खर्च होतात. माझा एक चेक असाच परत गेला. तेव्हापासून भाड्याची रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवते आणि चेक त्याच खात्याचा देते.

'चेक हरवला' म्हणाले तर लगेच दुसरा लिहून देऊ नका! आधी बँकेत पहिल्याचं स्टॉप पेमेंट करा, म्हणजे तो चेक वटवू नका असं बँकेला कळवा, त्याची पोच घ्या, मगच दुसरा द्या. नाहीतर दोन्ही वटायचे.

आणि परत आलेल्या चेकसोबतची, तो का परत आला हे सांगणारी बँकेची चिठ्ठी मागून घ्याच. सही न जुळणं, अक्षरी-अंकी रक्कम वेगळी असणं आणि शिल्लक नसणं यांत फार फरक आहे.