स्टेडियम मर्डेका परत १९५७ सारखं केलं ते बरोबर केलं का?

पायरीवरचा: क्वालालंपूरचं स्टेडियम मर्डेका, ३१ ऑगस्ट १९५७ ला पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांनी सात वेळा 'मर्डेका' (स्वातंत्र्य) अशी आरोळी देत मलायाच्या (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पाकडचा भाग) स्वातंत्र्याची घोषणा केली ते. नंतर वाढवत वाढवत ४५ हजारांच्या आसपास नेलं होतं, आणि स्वातंत्र्याच्या पन्नाशीला, २००७ मध्ये, जादाचे सगळे स्टँड पाडून पुन्हा २० हजारांचं केलं, का तर ५७ ला होतं तसं दिसायला हवं. २००८ ला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मला हे पटत नाही. एका सकाळसाठी पुढची चाळीस-पन्नास वर्षं पुसायची?

जुनाट_वाडा: पुसली कुठे? नव्वदच्या दशकात तर ती जागा खाजगी कंपनीकडे गेली होती, टॉवर-बिवर बांधायचे प्लॅन होते. ९७ चं आशियाई आर्थिक संकट आलं नसतं तर आज तिथे मॉलचं पार्किंग दिसलं असतं. १९९८ च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी बुकित जलीलला नवीन मोठं स्टेडियम झालंच होतं, मग इथे ४५ हजार खुर्च्या ठेवून बसवणार कोणाला? शिवाय मूळ काम बघा, स्टॅनली ज्यूक्स या इंजिनिअरने वर्षभराच्या आत उभं केलं, पातळ काँक्रीटची छतं, फ्लडलाइटचे ते उंच काँक्रीटचे टॉवर. वरचे वाढीव स्टँड म्हणजे वाड्यावर पत्र्याची शेड.

स्टिकवाला: शेड म्हणा हवं तर, पण १५ मार्च १९७५ ला आपण हॉकी वर्ल्ड कप इथेच जिंकलो राव, पाकिस्तानला २-१, सुरजित सिंगने बरोबरी केली आणि अशोक कुमारचा विनिंग गोल. त्याच वर्षी जुलैत मोहम्मद अली - जो बगनर बॉक्सिंग फाइट इथेच, १५ राउंड. १९९६ ला मायकल जॅक्सन. लोकांच्या डोक्यात असलेलं मर्डेका हे आहे, कुठल्यातरी ड्यूकने येऊन कागद दिला तेवढंच नाही.

जुनाट_वाडा: तो ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, राणीचा प्रतिनिधी. आणि ज्या मैदानावर सुरजितने गोल मारला ते मैदान तिथेच आहे की! स्टँड गेले, जागा नाही गेली.

केएलकर_मावशी: मी इथेच राहते म्हणून बोलते. दोघंही ५७ वर अडकलायत, पण १६ सप्टेंबर १९६३ ला मलेशियाची घोषणा पण याच स्टेडियममध्ये झाली, बोर्निओ बेटावरचे सबा, सारावाक आणि तेव्हा सिंगापूरसुद्धा त्यात होते. सबा-सारावाकचे लोक ३१ ऑगस्टचं कौतुक ऐकून आधीच वैतागतात, आणि तुम्ही वास्तूच एका तारखेवर नेऊन ठेवली की त्यांची तारीख आपोआप मागे पडते. बाकी मावशींना विचारून कोण पाडतंय म्हणा 😄

पायरीवरचा: मावशी +१, माझ्यापेक्षा तुम्ही नेमकं बोललात.

जुनाट_वाडा: मग काय, ५७ चा एक कोपरा, ६३ चा एक, ७५ चा एक असं ठेवायचं? वारसा जपताना कुठलं तरी एक साल धरावंच लागतं, आणि ज्या दिवसासाठी बांधलं तोच दिवस धरला तर चुकलं काय?

स्टिकवाला: चुकलं हे की खेळ गेला. मर्डेका कप १९५७ पासून इथे, त्यात आपली फुटबॉल टीम ५९ आणि ६४ ला दुसरी आली होती. स्टेडियममध्ये मॅच होत नसेल तर ते म्युझियम म्हणा सरळ.

केएलकर_मावशी: आणि आता शेजारी मर्डेका ११८ टॉवर उभा आहे ना, ६७८.९ मीटर, जगात दुसऱ्या नंबरचा. त्याचं वरचं टोक टुंकूंच्या उंचावलेल्या हातावरून घेतलंय म्हणतात. २० हजार काय आणि ४५ हजार काय, त्याच्या पायाशी स्टेडियम बशीएवढंच दिसतं. भांडायचंच तर त्या टॉवरवर भांडा.

जुनाट_वाडा: त्या टॉवरच्या मालकानेच, म्हणजे पीएनबीने (मलेशियाची सरकारी गुंतवणूक कंपनी, आपली बँक नव्हे), स्टेडियम दुरुस्त केलंय मावशी. पैसा तिथूनच आला.