घरात आजारपण, अंगावर रोज तोच टी-शर्ट : पाच कपडे सुचवा

पाणकणीस
आईच्या खुब्याचं हाड मोडलं त्याला तीन महिने झाले. ऑपरेशन नीट झालं, ती घरी आली, पण उठवायला-बसवायला अजून माणूस लागतं. ते माणूस मीच. मुलगा सात वर्षांचा आहे. नोकरी चालू आहे, तीन दिवस घरून आणि दोन दिवस ऑफिसात. मागच्या आठवड्यात नवीन फिजिओथेरपिस्ट आले. मी दार उघडलं तर मला म्हणाले, "पेशंट आपणच का?" ते मनाला फार लागलं. नवऱ्याचा जुना टी-शर्ट, सुटलेलं इलॅस्टिक पिनेने आवळलेली पँट, असा माझा अवतार होता.

गेल्या दोन महिन्यांतली खरेदी अशी. रात्री दोन वाजता आईच्या खाटेशेजारी बसून मोबाईलवरून मागवलेले तीन रेयॉनचे कुर्ते. एक पहिल्याच धुण्यात चार बोटं आटला. दुसरा आईला उचलताना काखेत उसवला. तिसरा टिकलाय, पण त्याला खिसा नाही आणि मला फोन सतत जवळ लागतो. एक काळी लेगिंग, गुडघ्यावर ताणली की पांढरी दिसते. कामाचे निघाले ते फक्त मागून बंद असलेले कापडी बूट.

आता पाच कपडे घ्यायचेत. औषधं आणि फिजिओ यांतून तेवढेच निघतात, सहावा नाही. खाली वाकता आलं पाहिजे, रोज धुतले तरी टिकले पाहिजेत, आणि त्याच कपड्यांत मीटिंगला कॅमेऱ्यासमोर बसता आलं पाहिजे. काय घेऊ?

रानजाई
लिनन. दुसरा विचारच करू नकोस. माझ्याकडे आठ लिनन शर्ट आहेत, सगळ्यात जुना नऊ वर्षांचा, आणि दर धुण्याला जास्त मऊ होतोय. महाग पडतं, पण एकदाच घ्यायचं. आठ घेतलेस तर आठवडाभर बघायला नको.

पारवा
रानजाई, त्यांनी पाच म्हटलंय. शिवाय लिनन बसल्या बसल्या चुरगळतं, मीटिंगला बसायच्या आधी इस्त्री कोण करणार?

बाबांचं दीड वर्ष मी केलं. एकाच रंगाचे बारा मोडालचे (रेयॉनच्याच जातीचं मऊ कापड) टी-शर्ट घेतले होते. सकाळी डोकं चालवावं लागत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. कपाटात हात घातला, आलं ते घातलं. मोडाल मऊ असतं आणि कमी चुरगळतं. मात्र काखेत आणि पोटावर घर्षणाने गोळे येतात, म्हणून उलटे करून धुवायचे.

ओंजळ
गडद रंग आणि बारीक छापील नक्षी. डाग दिसत नाहीत. जुळ्यांच्या वेळी मी वर्षभर निळा-काळा सोडून काही घातलं नाही.

सायंतारा
ओंजळला +१. गडद आणि छापील. फिका रंग या काळात चुकूनही घेऊ नये.

तिसराप्रहर
रेयॉन घेतलंत तिथेच चूक झाली. रेयॉन म्हणजे प्लास्टिक. सुती घ्या, शुद्ध सुती, विषय संपला.

उभाआडवा
कापडगिरणीच्या प्रक्रिया खात्यात २६ वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. रेयॉन प्लास्टिक नाही. लाकडाचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा पुन्हा धागा काढतात. मूळ द्रव्य सेल्युलोज, कापसात असतं तेच. व्हिस्कोस म्हणजे हेच साधं रेयॉन, त्याचं पेटंट १८९२ सालचं, क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांचं. पेट्रोलियमपासून होतं ते पॉलिएस्टर, आणि ते १९४१ चं.

पाणकणीस यांचा कुर्ता का गेला हे आता सांगतो. साधं रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कापसाचं बरोबर उलट, सुती धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो. म्हणजे रोज धुवायचं, पिळायचं, घासायचं असेल तिथे रेयॉनचं काम नाही. ते हलक्या हाताने धुऊन न पिळता वाळत घालायचं कापड आहे. तुमच्या घरात सध्या तेवढी सवड कोणाला असणार?

तिसराप्रहर
लाकडापासून सुरुवात झाली तरी मधे कारखान्यात रसायनं वापरतातच ना? मग नैसर्गिक कसं?

उभाआडवा
नैसर्गिक आहे असं मी म्हटलेलं नाही. प्लास्टिक नाही असं म्हटलंय. पुनर्निर्मित धागा असा त्याचा वेगळा वर्ग आहे.

सावली_
राग मानू नका, पण आई अंथरुणाला असताना कपड्यांचा विचार सुचतो कसा? मी सासूबाईंचं चार वर्षं केलं, दोन गाउनवर. आरशात बघायलाही वेळ नव्हता.

दीपमाळ
सावली, चार वर्षं केलंस त्याचं मोल मला कळतं. तीस वर्षं वॉर्डात काम केलंय मी. पण दोन गाउनवर दिवस काढावे लागले, हे तुझ्या बाबतीत कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. ते माप हिला लावू नकोस. रुग्ण दिवसभर आपल्याकडेच बघत असतो. आपण विस्कटलेले दिसलो की त्याला वाटतं, हे माझ्यामुळे.

पाणकणीस, बाळा, तुझ्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून मी थांबले. कुर्ता काखेत उसवला. म्हणजे तू आईच्या काखेत हात घालून तिला वर ओढतेस का? तसं करू नकोस. तिचा खांदा दुखावेल आणि तुझी कंबर जाईल. रुग्णाच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो. तो धरून, आपले गुडघे वाकवून, तिचं वजन पुढे घेत उठवायचं असतं. फिजिओला सांग, आधी दाखवा आणि मग माझ्याकडून करून घ्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर किती वाकायचं, पाय कसा ठेवायचा हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, तेही त्यांनाच विचार.

कपड्यांचं म्हणशील तर बाही कोपराच्या वर हवी, म्हणजे हात नीट धुता येतात. गळ्यात लोंबणारं काही नको. अंगठी, बांगडी, टोकदार बटणं नकोत, म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी फाटते. स्टोल तर नकोच. व्हीलचेअरच्या चाकात अडकलेला स्टोल कात्रीने कापून एकीची मान मी सोडवली आहे.

ओंजळ
स्टोल गडद रंगाचा असेल तर डाग पुसायलाही बरा पडतो.

दीपमाळ
ओंजळ, स्टोल नको असं मी आत्ताच लिहिलंय.

शिवणघर
तयार कपड्यांच्या मागे लागू नका. सुती कापड घ्या आणि शिवून घ्या. शिवण्याआधी कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला द्यायचं. आटायचं तेवढं आधीच आटतं. हे न करता शिवलेले कपडे घेऊन माझ्याकडे रोज कोणी ना कोणी रडत येतं.

दुसरं, माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. तयार कुर्त्यांना शिवणीच्या आत जेमतेम पाव इंच माया असते, म्हणून ते उसवतात आणि पुन्हा शिवायला जागाही राहत नाही. शिंप्याला एक इंच माया ठेवायला सांगा. काखेत चौकोनी तुकडा जोडून घ्या, हात वर केला तरी शर्ट पोटावरून वर सरकत नाही. मापं देताना सरळ उभं न राहता हात पुढे करून, थोडं वाकून पाठीचं माप द्या. तुम्ही दिवसभर त्याच अवस्थेत असता.

उभाआडवा
शिवणघर यांच्याशी सहमत. त्यातही 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का असलेलं सुती कापड मिळालं तर आणखी बरं. कापड आधीच दाबून आटवायची ही पद्धत १९३० च्या सुमाराची, सॅनफर्ड क्लुएट यांची.

पाणकणीस
सगळ्यांचे मनापासून आभार. दीपमाळताई, हो, काखेतच हात घालत होते. काल फिजिओंनी पट्टा लावून दाखवला, माझ्याकडून सहा वेळा करून घेतलं. आज पहिल्यांदा संध्याकाळी कंबर धरलेली नाही.

दोन शंका आहेत. पँट कसली घेऊ? आणि जखमेच्या ड्रेसिंगचा रक्ताचा डाग मी गरम पाण्यात घातला, तो पक्का बसला. आता काही होईल?

दीपमाळ
रक्ताला आधी गार पाणी, नेहमीच. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं कापडात घट्ट धरतात. आता एन्झाइमवाल्या पावडरीच्या गार पाण्यात रात्रभर ठेवून बघ, निदान फिका होईल.

पारवा
पँट सुती, पण दोन-तीन टक्के इलॅस्टेन (रबरासारखा ताणला जाणारा धागा) असलेली. तेवढ्याने गुडघ्यात वाकता येतं. लेबल बघून घ्या, दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की लेगिंगसारखं अंगाला चिकटतं. मी अशा सहा घेतल्या.

उभाआडवा
आणि इलॅस्टेनला ब्लीच आणि जास्त उष्णता चालत नाही. धागा मरतो, मग गुडघ्याला फुगा येतो तो परत बसत नाही. लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर साधारण ११० अंश, दोन असतील तर १५०, तीन असतील तर २००. अशा पँटला एकच ठिपका समजून चला.

रानजाई
लिननच्या पँटही सुंदर मिळतात.

सायंतारा
रंगाचं मात्र पक्कं ठरवा. गडद. इथे सगळ्यांनी तेच सांगितलंय.

पाणकणीस
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमा.

पाच कपडे झाले. दोन पँट पारवा यांनी सांगितल्या तशाच, गडद करड्या. तीन शर्ट शिवून घेतले. कापड भिजवून, एक इंच माया, काखेत तुकडा, कोपराच्या वर बाही, दोन्ही बाजूंना फोन मावेल असे खोल खिसे. शिवणघर, हात पुढे करून माप द्यायचं म्हटल्यावर शिंप्याने दोनदा विचारलं, पण पाठीत शर्ट आता कुठेच ओढत नाही.

रंगाच्या बाबतीत तुमचं कोणाचंच ऐकलेलं नाही. तिन्ही शर्ट फिक्या पिवळ्या रंगाचे आहेत. कारण सांगते. ऑपरेशननंतर आईला रात्री मधूनच भान राहत नाही आणि तिची नजरही अधू आहे. काळ्या कपड्यांत मी अंधुक दिव्यात जवळ गेले की ती दचकायची, हात झटकायची, एकदा ओरडलीसुद्धा. मुलाचा पिवळा टॉवेल खांद्यावर टाकून गेले त्या रात्री तिने लांबूनच माझं नाव घेतलं. त्यानंतर मला गडद काही घ्यावंसं वाटेना. डाग दिसतात, खरं आहे. दिसला की लगेच गार पाण्यात घालते.

टोकदार बटणं इथे नको म्हटलं होतं, म्हणून मी चपटी, गोल कडेची लावून घेतली. आई पूर्वी घरी शिवण करायची. पहिला शर्ट घालून तिला उठवत होते तर तिने माझ्या शर्टाचं काज अंगठ्याने चाचपलं. म्हणाली, "हे मशीनचं काज आहे. चार धुण्यांत सुटेल."

दीपमाळ
शाब्बास. रात्रीचं ते भान हरपणं डॉक्टरांच्या कानावर घातलंस ना? घातलं नसशील तर उद्याच सांग. औषधांमुळेही होतं, अंगात कुठे संसर्ग असला तरी होतं.

पाणकणीस
सांगितलंय ताई. एक गोळी बदलली, आता बरंच कमी आहे.

तिसराप्रहर
शेवटी सुतीच घेतलंत ना? मी तेच म्हणत होतो.

शिवणघर
आई म्हणाल्या ते बरोबर आहे. मशीनच्या काजाच्या कडेने हाताने एकदा दाट टाके घालून घ्या. दोरा कोणता वापरताय? साधा एकपदरी पुरणार नाही.

पाणकणीस
ते काम आईनेच घेतलंय. दुपारी खुर्चीत बसून करते. सुई मी ओवून देते, दोरा दुपदरी, शर्टापेक्षा जरा गडद, तिनेच निवडला. फिजिओ रोज वीस मिनिटं बसवा म्हणत होते, काल ती पाऊण तास बसली. पहिल्या शर्टाची सातही काजं झाली. दुसऱ्याची दोन.