मदत हवी आहे: सावळ्या रंगाला साजेसा मेकअप आणि अंबाडा

मैत्रिणींनो, मी सांगलीत विश्रामबागला राहते. मे महिन्यात भावाचं लग्न आहे आणि मी करवली.

माझा रंग सावळा, त्यात पिवळसर झाक. कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे. साखरपुड्याला पार्लरवाल्या ताईंनी दोन शेड उजळ फाउंडेशन लावलं. फोटोत चेहरा राखाडी आणि मान वेगळीच. फार वाईट वाटलं हो. मला गोरं दिसायचं नाहीये, माझ्याच रंगात छान दिसायचंय. शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून दारातल्या उजेडात बघायची, हे आता कळलंय. पण मेच्या उन्हात, घामात ते टिकवायचं कसं? झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावलं की पांढरट थर दिसतो. त्याऐवजी एसपीएफ ३० चं जेल फाउंडेशनखाली चालेल का?

केस कुरळे, खांद्याखाली. स्ट्रेटनिंग अजिबात नको. अंबाडा आणि मोगऱ्याचा गजरा ठरलाय. साडी हिरवी, नथ आईची. कपाळ मोठं आहे, तर भांग मधे पाडू की बाजूला?

सांगली-मिरजेत सावळ्या रंगावर चांगला हात असलेलं कुणी माहीत असेल तर नक्की सांगा. आधी ट्रायल करून दाखवणाऱ्या हव्यात.