दीड फुटावर कुदळ वाजते, झाड लावू कुठे?

प्रेषक: अपाचे जंक्शन (नवीन सभासद)
१२ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

गणपतीत बऱ्याच जणांची ओळख झाली, म्हणून धीर करून लिहितेय. मार्चमध्ये आम्ही इथे ॲरिझोनात, सुपरस्टिशन डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलं. मागे मोकळं अंगण आहे, त्यामुळे हौसेने लिंबू, कढीपत्ता आणि शेवगा लावला. जूनपर्यंत कढीपत्त्याची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. लिंबाची पानं कडेने करपली. आम्ही रोज न चुकता पाणी घालत होतो. ऑगस्टच्या वादळात शेवगा मुळासकट आडवा झाला. त्याची मुळं ताटासारखी चपटी पसरली होती, एकही खाली गेलेलं नव्हतं.

आता पुन्हा लावायचं म्हणून खणायला घेतलं. वर खडी, गोटे आणि तांबूस माती आहे. दीड फुटावर पांढरा थर लागला आणि कुदळ टण्ण वाजली. बागकाम करणाऱ्या एका कंत्राटदाराला बोलावलं. तो म्हणतो, मोठा खड्डा फोडून आतली सगळी माती बदलू. रक्कम ऐकून आम्ही गप्पच बसलो. करावं का हे? आणि हा थर आहे तरी काय?

प्रेषक: टूसॉन
१२ ऑक्टोबर, रात्री

बाळ, नमस्कार. आधी एवढंच सांगतो, त्या कंत्राटदाराला अजून होकार देऊ नकोस.

तुला लागलेल्या थराला इथे कलीची म्हणतात. शब्द स्पॅनिश, मूळ लॅटिनमधलं, अर्थ चुना. मी राहुरीला मृदाशास्त्र शिकलो आणि पुढची सगळी नोकरी याच वाळवंटाच्या मातीत झाली, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घे.

आपल्याकडे नगर-सोलापूरच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे निघतात, ते तू पाहिले असशील. तो चुना मुख्यतः बेसाल्ट झिजताना त्यातूनच सुटलेला असतो. इथे गंमत वेगळी आहे. तुझ्या अंगणातले गोटे डोंगरावरून वाहून आले, ते ज्वालामुखीच्या अशा खडकाचे की त्यात चुना फारसा नसतोच. मग एवढा चुना आला कुठून? वाऱ्याबरोबर आलेल्या धुळीतून आणि पावसाच्या पाण्यातून. न्यू मेक्सिकोत लास क्रूसेसजवळ १९५७ पासून लेलंड गाईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच जमीन वर्षानुवर्षं अभ्यासली, धूळ पकडायला सापळेसुद्धा लावले, आणि हे दाखवून दिलं.

पाऊस पडला की मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि धुळीतला चुना विरघळवून खाली नेतं. पण फीनिक्सकडे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. पाणी फूट-दोन फूट उतरतं, तिथे मुळं ते पिऊन टाकतात किंवा ते सुकतं, आणि चुना जागीच राहतो. पुढच्या पावसाचा चुना त्याच खोलीवर येऊन बसतो. असं हजारो वर्षं, कुठे कुठे लाखो वर्षं चालतं.

१९६६ साली गाईल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी याच्या चार पायऱ्या सांगितल्या. खडकाळ जमिनीत पहिल्या पायरीला गोट्यांच्या खालच्या बाजूला पांढरा पापुद्रा धरतो, कारण पाणी थेंबाथेंबाने तिथेच लोंबकळतं. दुसऱ्या पायरीला गोटा सगळीकडून माखतो. तिसऱ्या पायरीला गोट्यांमधल्या फटी बुजतात. चौथ्या पायरीला, वाट बंद झाल्यामुळे पाणी थराच्या माथ्यावर आडवं पसरतं आणि तिथे पापुद्र्यावर पापुद्रा चढून गुळगुळीत पत्रा तयार होतो. खडी नसलेल्या बारीक मातीपेक्षा खडकाळ जमीन लवकर बुजते, कारण गोट्यांनीच जागा अडवलेली असते आणि भरायच्या फटी कमी उरतात. डोंगराच्या पायथ्याला हा थर इतका सापडतो त्याचं एक कारण हेच.

आता तुझी झाडं. वरच्या दीड फुटात समज एक तृतीयांश गोटे आहेत. गोटा पाणी धरत नाही, म्हणजे पाणी धरणारी माती प्रत्यक्षात एक फूटभरच. मेमध्ये ती चटकन सुकते. सुकली म्हणून तुम्ही रोज पाणी घालता, ते खाली थरावर जाऊन तुंबतं आणि मुळं गुदमरतात. वरून तहान, खालून चिबड, दोन्ही एकाच झाडाला. शिवाय आपल्या नळाच्या पाण्यात क्षार भरपूर. थोडं थोडं पाणी दिलं की ते क्षार खाली धुपून जात नाहीत, मुळांपाशीच साठतात. लिंबाच्या कडा त्यानेच करपल्या असणार.

कढीपत्त्याचं दुखणं निराळं. पिवळं पान आणि हिरव्या शिरा म्हणजे लोहाची कमतरता. आपल्याकडे चुनखडीच्या रानात ऊस असा पडला की शेतकरी म्हणतात केवडा पडला. तोच हा. जमिनीत लोह असतं, पण सामू (म्हणजे पीएच) ८ च्या वर असला की ते मुळांना उचलता येत नाही. लोक गंधक टाकून सामू उतरवायला जातात. हिशेब कर, १ किलो चुना संपवायला साधारण ३२० ग्रॅम गंधक लागतं, आणि तुझ्या एका खड्ड्याभोवती चुना किलोंनी नाही, मणांनी आहे. त्यापेक्षा ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घे, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह. ईडीटीए लिहिलेलं घेऊ नकोस, इतक्या चुन्यात ते टिकत नाही.

आता कंत्राटदार. थर फोडून खड्ड्यात नुसती छान माती भरली आणि तळ बंदच राहिला, तर तू एक मोठं पातेलं बनवलंस. पाणी त्यात साचणार आणि झाड त्यातच मरणार. म्हणून आधी निचरा तपास. खड्डा पाण्याने भर, पूर्ण मुरू दे, पुन्हा भर आणि आता मोज. इथल्या कृषी विस्तार विभागाचा ठोकताळा असा की ४ तासांत पातळी ४ इंच तरी उतरली पाहिजे. तीन-चार ठिकाणी कर, हा थर सगळीकडे सारखा नसतो.

खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या वायर आणि पाइप खुणावून घे. हे मात्र विसरू नकोस.

प्रेषक: मेसा
१३ ऑक्टोबर

अगं, भावजींनी शास्त्र सांगितलं, मी माझं बावीस वर्षांचं अंगण सांगते.

कढीपत्ता जमिनीत लावायचा हट्ट सोड. मी तीन गमावले. आता मोठ्या कुंडीत आहे, हिवाळ्यात थंडी पडली की भिंतीशी सरकवता येतो. डाळिंब मात्र जमिनीत लाव. आपल्या सोलापूरकडच्या हलक्या, मुरमाड रानात येतं ते हेच, आणि चुन्याला घाबरत नाही. माझ्याकडे दरवर्षी शेजाऱ्यांना वाटून उरतं. मेथी, कोथिंबीर, मुळा यांना मी दोन फूट उंच वाफे बांधलेत.

पाणी रोज घालू नकोस गं. कमी वेळा पण भरपूर घाल, म्हणजे क्षार खाली जातात. आणि आळं खोडाला चिकटवू नकोस, फांद्यांच्या घेराबाहेर कर.

कलीचीवर रागावू नकोस एवढंच म्हणते. पाहुणे आले की मी त्यांना कूलिजजवळ कासा ग्रांडेचे अवशेष दाखवायला नेते. होहोकाम नावाच्या इथल्या प्राचीन लोकांनी १३५० च्या सुमाराला तिथे चार मजली वाडा उभारला, तो याच चुनखडी मातीचा चिखल करून, थरावर थर लावून. पायाशी भिंती चार फूट जाड. १८९२ मध्ये सरकारने ती जागा राखीव केली, देशात असं जपलेलं ते पहिलं प्राचीन स्थळ. पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला गावच्या पांढऱ्या मातीच्या गढीची इतकी आठवण आली की मी बराच वेळ बोललेच नाही.

प्रेषक: फ्रेस्नो (पूर्वी टेम्पी)
१३ ऑक्टोबर

काका, एक भर घालतो. मी आता कॅलिफोर्नियात आहे आणि इथेही कुदळ वाजते, पण हा थर चुन्याचा नाही. इथल्या सॅन वाकीन मातीत, जी १९९७ पासून राज्याची अधिकृत माती आहे, थर मुख्यतः सिलिकाने, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्याने, सांधलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले बागायतदार एकेका झाडासाठी त्यात सुरुंग लावायचे. ताईंनी एक तुकडा घेऊन त्यावर व्हिनेगर टाकावं. बुडबुडे आले तर चुना. माझ्या अंगणातला तुकडा ढिम्म राहिला होता.

प्रेषक: टूसॉन
१३ ऑक्टोबर

बरोबर. तुकडा आधी साध्या पाण्यात रात्रभर ठेव. विरघळून चिखल झाला तर ती नुसती सुकून घट्ट झालेली माती. तसाच राहिला आणि व्हिनेगरने फसफसला तर कलीची. चुना आणि सिलिका दोन्ही एकत्र असलेले थरही असतात, त्यामुळे थोडंसंच फसफसलं तर गोंधळून जाऊ नकोस.

आणखी एक करून बघ. अंगणातले गोटे जागेवरून न हलवता नीट बघ. पांढरा पापुद्रा सगळ्यांच्या खालच्या बाजूला असेल तर ती जमीन कुणी हलवलेली नाही. पापुद्रा कुठे वर, कुठे बाजूला असेल तर घर बांधताना तिथे भराव टाकला आहे. भरावाखाली काय आहे ते खणल्याशिवाय कळत नाही.

वहिनींच्या रागावरून आठवलं. टूसॉनच्या बाहेर ओढ्यांनी हा थर कापला आहे, तिथे थराखालची मऊ माती वाहून जाऊन कपारी झाल्या आहेत. वाळवंटी कासवं उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात त्या कपारींत राहतात. वर चुन्याचं छत, आत सावली. मी पहिलं कासव असं पाहिलं तेव्हा नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. मोजमापाची वही बाजूला ठेवून तासभर तिथेच बसलो. आणि हा थर अगदी कोरडा ठणठणीतही नसतो. त्याच्या बारीक छिद्रांत थोडं पाणी शिरतं आणि सावकाश सुटतं. क्रियोसोटची झुडपं मेच्या उन्हात हिरवी राहतात, त्यात याचाही वाटा आहे.

प्रेषक: अपाचे जंक्शन
१९ ऑक्टोबर

काका, काकू, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. ८११ वाले येऊन रंगाने खुणा करून गेले. गॅसची लाइन अगदी तिथेच निघाली जिथे मी पहिल्यांदा कुदळ मारली होती.

तुकडा पाण्यात तसाच राहिला आणि व्हिनेगरमध्ये जोरात फसफसला. माझा मुलगा आता दिसेल त्या दगडावर व्हिनेगर टाकतोय.

चार खड्डे घेतले. भिंतीजवळचे गोटे उलटेसुलटे होते, म्हणजे भराव. शेवगा तिथेच होता. त्या खड्ड्यात ४ तासांत एक इंचसुद्धा पाणी उतरलं नाही. मधल्या दोन खड्ड्यांत दोन-अडीच इंच. पण मागच्या कुंपणाशी, जिथे पालो व्हर्दे नावाचं एक जुनं वाळवंटी झाड आपोआप उगवलंय, तिथे साडेपाच इंच! त्या खड्ड्याच्या तळाला थराला भेग होती आणि भेगेत त्या झाडाचं बोटाएवढं मूळ उतरलेलं दिसलं. मी ते न दुखवता माती परत सारली.

लिंबू त्या बाजूला, पालो व्हर्देपासून अंतर ठेवून लावतेय. मधल्या जागेत डाळिंब. तिथे थर आठच इंच जाड आहे, त्यामुळे आरपार एक भोक पाडून ते खडी-मातीने भरावं म्हणतेय, म्हणजे पाण्याला वाट होईल. काका, हे चालेल ना? कंत्राटदाराला नको म्हणून कळवलं.

प्रेषक: टूसॉन
१९ ऑक्टोबर

चालेल. भोक आठ ते बारा इंच रुंद हवं आणि थराच्या खालपर्यंत गेलंच पाहिजे, मध्ये थांबू नकोस. पाडून झालं की पुन्हा पाणी भरून मोज. कुदळीने होणार नाही, माझ्याकडे सहा फुटी पहार आहे. शनिवारी तुमच्याच बाजूला येतोय, सकाळी सातला पोचतो. आदल्या रात्री खड्ड्यात पाणी सोडून ठेव, ओला थर जरा सोपा फुटतो.

प्रेषक: मेसा
१९ ऑक्टोबर

डाळिंबाचं रोप मी देते, माझ्याच झाडाच्या फांदीचं केलेलं आहे. शनिवारी भावजींच्या आधी पोचते, पोहे घेऊन.