उंचीची भीती वाटणाऱ्या मुलांना न्यावं का?

सात वर्षांचा मुलगा उंचीला घाबरतो, त्याला झाडांवरच्या क्लाइंबिंग पार्कला (म्हणजे झाडाझाडांमध्ये उंचावर बांधलेल्या फळ्या-दोरांवरून चालायचं असतं तिथे) न्यावं का असं विचारलंय, तर माझं मत नक्की न्या, फक्त घाई करू नका. आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो, गेल्या उन्हाळ्यात वीसबाडेनच्या नेरोबर्ग टेकडीवरच्या पार्कात गेलो होतो. टेकडीवर जायला १८८८ सालची पाण्यावर चालणारी रेल्वे आहे, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि दोराने खालचा डबा वर ओढला जातो, मुलं तर तिथेच खूश!

लेक पहिल्याच फळीवर थिजली, झाडाला दोन्ही हातांनी मिठी, गालावर सालीचे वळ उठले तरी सोडेना. नवरा खालून "अगं चल, काही होत नाही" म्हणायला लागला, त्याला मी गप्प केलं. मग तिला एवढंच म्हटलं, बाळा, फक्त हुककडे बघ. अंगावरच्या पट्ट्याला लावलेले, सुरक्षेच्या दोरात अडकवायचे दोन हुक हल्ली बऱ्याच पार्कात एकमेकांना जोडलेले असतात, एक नीट अडकल्याशिवाय दुसरा उघडतच नाही, हे तिने स्वतः चारपाच वेळा खटखट करून बघितलं आणि मग निघाली.

सुरुवात सगळ्यात खालच्या रूटनेच करा, केस घट्ट बांधा, बूट बंद हवेत. आणि सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या न्याच, उतरल्यावर पोरं अक्षरशः तुटून पडतात.